बॉक्सरवरून पूर्व आफ्रिका: कैरो ते केपटाऊन विसरा, चक्कर मारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हाताशी तीन महिने आहेत, खर्चायला चार लाख रुपये आहेत आणि शंभर-दीडशे सीसीच्या स्वस्त गाडीवर कैरो ते केपटाऊन जायचंय. गाडी नाशिकहून न्यावी की तिकडे घ्यावी? आणि एवढ्याशा इंजिनाला आफ्रिका झेपेल का?

इंजिनाला झेपेल, त्याची काळजी सोडा. घोडं पेंड खातं ते 'कैरो ते केपटाऊन' इथे. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि हा जुना मार्ग मधोमध तुटला. इजिप्तमध्ये गाडी न्यायची तर कार्नेट हवं, म्हणजे गाडी परत बाहेर नेण्याची हमी देणारं सीमाशुल्काचं कागदपत्र. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा भारतीयांना आधीच काढावा लागतो. आणि समजा सगळं पार पडलं, तरी शेवटच्या देशात तुमच्याकडे परक्या नंबरप्लेटची एक जुनी गाडी उरते. तात्पुरत्या परवान्यावर आत आणलेली गाडी आयात शुल्क भरल्याशिवाय तिथे विकता येत नाही, आणि परत आणायचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त. म्हणून माझं मत सरळ आहे. नैरोबीला गाडी घ्या, युगांडा, रवांडा, टांझानिया असं मोठं कडं करून परत नैरोबीला या आणि तिथेच ती विका. मी नोकरीमुळे नैरोबीत राहिलो आणि हा सगळा भाग बजाजच्या बॉक्सर मोटारसायकलवरच पाहिला, त्यामुळे पुढचं सगळं ह्याच पट्ट्याबद्दल आहे. पश्चिम आफ्रिकेत आपल्या पासपोर्टवर व्हिसे गोळा करण्यातच तीन महिने जातील.

आधी गाडी. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे खेड्यापाड्यांत कावासाकी बजाज बॉक्सर दिसायची, आठवत असेल. आपल्याकडून ती गेली, पण पुण्याच्या ह्याच कंपनीची बॉक्सर आज पूर्व आफ्रिकेचं पोट भरते. तिकडे मोटारसायकलच्या टॅक्सीला बोडा-बोडा म्हणतात, आणि कुठल्याही नाक्यावर उभ्या असलेल्या बोडांत बॉक्सर आणि टीव्हीएसची एचएलएक्स ह्याच जास्त दिसतील. बॉक्सर शंभर सीसीतही मिळते, पण तुम्ही दीडशेची घ्या. खरी १४५ सीसीच्या आतली, हवेवर थंड होणारी, कार्ब्युरेटरवाली, किक असलेली, १२ हॉर्सपॉवरच्या आसपासची. लांब सपाट सीट आणि मागे जाडजूड लोखंडी कॅरियर. सामान लादून आरामात ६० ते ६५ ने चालते, लिटरला ४५ किलोमीटरच्या आसपास देते आणि टाकी ११ लिटरची आहे. म्हणजे एकदा भरली की चारशे किलोमीटर पंप दिसला नाही तरी चालतं.

'मोठी ॲडव्हेंचर बाइक घ्यायला दोन वर्षं थांबू का?' असंही तुम्ही विचारलंय. थांबू नका. मोठ्या गाडीचा एखादा सेन्सर गेला तर सुटा भाग विमानाने मागवून तुम्ही आठवडाभर लॉजवर बसणार. बॉक्सरची क्लच केबल, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, ट्यूब, कार्ब्युरेटरचा किट ह्या गोष्टी जिथे बाजार भरतो तिथे टपरीवर टांगलेल्या असतात. तिकडे मेकॅनिकला फुंडी म्हणतात, आणि गावात डॉक्टर नसेल पण फुंडी असतोच. टांझानियात सिंगिडा आणि दोडोमाच्या मधल्या एका गावात माझ्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं. फुंडीने आंब्याखाली पोतं अंथरलं, चाक काढून दगडावर आडवं ठेवलं आणि लोखंडी सळईचा तुकडा एकदा इकडून, एकदा तिकडून ठोकत जुनं बेअरिंग बाहेर काढलं. नवं बसवताना थेट हातोडा मारला नाही. जुनंच बेअरिंग नव्यावर उलटं ठेवून त्यावर हलके ठोके देत ते आत सरकवलं, म्हणजे मार फक्त बाहेरच्या कड्यावर बसतो. मग माझ्याकडे न बघताच त्याने चेन दोन बोटांनी वरखाली करून पाहिली आणि सैल केली. 'सामान जास्त आहे, एवढी ताणू नकोस,' एवढंच म्हणाला. चहा संपेपर्यंत गाडी उभी.

चेनबद्दल त्याचं म्हणणं पक्कं लक्षात ठेवा. सामान लादल्यावर मागचं सस्पेन्शन दबतं आणि चेन आणखी ताणली जाते, म्हणून चेन तपासायची ती सामान चढवून आणि स्वतः वर बसून. ऑइल २० डब्ल्यू ५० सगळीकडे मिळतं. दर दोन-अडीच हजार किलोमीटरला बदला. डबा तुमच्यासमोर फोडून घ्या, कारण सीलबंद दिसणारे, पण पुन्हा भरलेले डबेही बाजारात असतात. सोबत १०, १२, १४ आणि १७ चे पाने, दोन टायर लिव्हर, हातपंप, दोन्ही चाकांच्या ट्यूबा, एक प्लग आणि क्लच केबल एवढं पुरे. नवी केबल जुनीच्या शेजारूनच घालून चिकटपट्टीने बांधून ठेवा. वेळ आली की फक्त दोन टोकं बदलायची.

आता नाशिकहून गाडी नेण्याचं. होतं, पण पटत नाही. कार्नेट मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमधून निघतं आणि त्यासाठी अनामत किंवा बँक हमी द्यावी लागते. मग न्हावा शेवाहून मोंबासापर्यंत जहाज, दोन्हीकडे एजंट, बंदरातली भाडी, आणि हेच सगळं परत येताना. एवढ्या पैशांत तिकडे नवी गाडी येते. ती लाख-सव्वा लाख रुपयांत पडेल असं धरून चाला. मात्र तिकडे घेण्यातही एक मेख आहे. केनियात गाडी नावावर करायला केनियाच्या कर खात्याचा पिन नंबर लागतो, आणि नुसत्या पर्यटकाला तो सहज मिळत नाही. मार्ग दोन. एक तर तिकडच्या रहिवाशाच्या नावावर गाडी घ्या आणि त्याच्याकडून वकिलासमोर केलेलं अधिकारपत्र घ्या. त्यात 'ह्या पासपोर्टच्या माणसाला ही गाडी अमुक देशांत नेण्याची परवानगी आहे' असं गाडीच्या चॅसिस नंबरसकट लिहिलेलं हवं. नाही तर नैरोबीत सरळ भाड्याने घ्या आणि सीमेपार नेण्याची लेखी परवानगी मागा. तीन महिन्यांसाठी भाडं महाग पडतं, महिन्याभरासाठी तोच शहाणपणा. जुनी गाडी घेणार असाल तर रंग-टायर नंतर बघा, आधी चॅसिस आणि इंजिनवरचे नंबर लॉगबुकशी, म्हणजे तिकडच्या आरसी बुकाशी, स्वतः ताडून पाहा.

सीमेवर तुमची गाडी बोडांच्या रांगेत उभी राहते आणि कुणाला तिचं अप्रूप नसतं. हा लहान गाडीचा सगळ्यात मोठा फायदा, आणि तो कुणी सांगत नाही. मोठ्या गाडीभोवती दलालांचा गराडा पडतो, बॉक्सरकडे कुणी ढुंकून बघत नाही. तरी कागद चोख हवेत: लॉगबुक, अधिकारपत्र, आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय लायसन्स, विमा आणि प्रत्येक देशात गाडी आत घेतल्याचा तात्पुरता परवाना. बाहेर पडताना तो परवाना बंद करून घ्यायचा, नाहीतर सरकारदप्तरी गाडी अजून त्याच देशात आहे. विम्यासाठी केनियातल्या थर्ड पार्टी विम्यावर कोमेसा ह्या आफ्रिकी देशांच्या व्यापारसंघाचं यलो कार्ड, म्हणजे सीमेपार चालणारं विमापत्र, जोडून घ्या, ते युगांडा, रवांडा आणि टांझानियातही चालतं. व्हिशाचं म्हणाल तर केनिया, युगांडा आणि रवांडा ह्या तिघांचा मिळून ९० दिवसांचा एकत्र पर्यटक व्हिसा १०० डॉलरला मिळतो. पण तिघांच्या बाहेर, म्हणजे टांझानियात पाऊल टाकलं की तो संपतो. परत केनियात शिरताना वेगळी सोय करावी लागेल, हे हिशेबात धरा. नियम बदलत असतात, निघण्याच्या आठवड्यात त्या त्या सरकारी साइटवर पुन्हा बघा.

पिवळ्या तापाची लस मात्र निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या, कारण दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो. ही आपली गरज जास्त आहे: दाखल्याशिवाय केनिया-युगांडातून भारतात परतलात तर विमानतळावरूनच विलगीकरणात जाल, आणि तिथे ओळख-वशिला चालत नाही. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, पण तिने कातडी उन्हाला हळवी होते. दिवसभर हँडलवर असलेले हात भाजल्यासारखे लाल होतात, तेव्हा हातमोजे काढू नका.

मार्ग सांगतो. नैरोबीहून नाकुरू, एल्डोरेट आणि युगांडाच्या सीमेवरचं मलाबा. हा रस्ता मोंबासा बंदरातून युगांडाकडे जाणाऱ्या ट्रकांचा आहे आणि सगळ्या प्रवासातला सगळ्यात धोक्याचा भाग हाच, जंगल नव्हे. टिंबोरोआजवळ चढ २,७०० मीटरच्या वर जातो, विषुववृत्तही तिथेच ओलांडतं. त्या उंचीवर हवा विरळ, कार्ब्युरेटरला पेट्रोल जास्त होतं आणि बॉक्सर तिसऱ्या गियरमध्ये कण्हत चढते. मागून येणारी बस थांबणार नाही आणि समोरून ओव्हरटेक करणारा ट्रक तुम्हाला मोजतच नाही. तो आला की तुम्ही डांबर सोडायचं, एवढा एकच नियम. पण डांबराची कड कुठे कुठे वीतभर उंच असते. म्हणून आरशात आणि समोर बघतानाच 'आत्ता उतरायचं झालं तर कुठे' हे मनात ठरवत राहायचं. बोडावाले हेच करतात. अंधारात चालवायचं नाही. तिकडे वर्षभर साडेसहा-सातला काळोख पडतो, चारला मुक्कामाचं गाव शोधा.

युगांडात जिंजा, कंपाला, फोर्ट पोर्टल. मग कसेसेहून दक्षिणेला, क्वीन एलिझाबेथ अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्याने कबालेपर्यंत. चहाचे मळे, ज्वालामुखीची गोल तळी, केळी. ह्या भागात घाई करू नका, मुख्य रस्ता सोडून मुरमाच्या लाल रस्त्यांवर शिरा. तिथे बॉक्सर खरी खुलते. कोरड्या मुरमावर आडव्या वळ्या पडलेल्या असतात, त्यांवर टायरमधली हवा थोडी कमी करा आणि संध्याकाळी कॅरियरचे नटबोल्ट आवळा. कॅरियर तुटलाच तर वेल्डिंगवाला पुढच्या नाक्यावर असतो.

पाऊस झाला की गोष्ट वेगळी. लाल मुरूम निसरडा होतो, पण पार होता येतं. केनिया आणि टांझानियात सपाटीवर जी काळी माती लागते ती विदर्भ-मराठवाड्यातल्यासारखीच, आणि ओली झाल्यावर वागतेही तशीच. चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरतो, दाबून दाबून घट्ट होतो आणि पुढचं चाक फिरायचं थांबतं. काडीने खरवडत बसलात तर तासाला अर्धा किलोमीटर जाल. बोडावाल्यांचा उपाय सोपा आहे: पुढचं मडगार्ड खोलून मागे बांधून टाकायचं, तोंडावर चिखल उडाला तर उडू दे. त्याहून सोपा उपाय म्हणजे मार्च ते मे हा मोठा पावसाळा टाळणं. जून ते सप्टेंबर उत्तम.

कबालेहून कटुना-गटुना सीमेवर रवांडा लागतं आणि वाहतूक उजवीकडून सुरू होते. पहिला दिवस तरी हँडलवर बाणाची खूण चिकटवून ठेवा. तिठ्यावरून डावीकडे वळताना जुनी सवय दगा देते. रवांडात रस्ते गुळगुळीत, डोंगर अखंड आणि पोलीस कडक. बऱ्याच ठिकाणी ताशी ६० ची मर्यादा आणि कॅमेरे आहेत, पण बॉक्सरवर ती मोडायची म्हटली तरी चढावर जमत नाही. एक गोष्ट सामान भरतानाच सांभाळा. आपण पावसाच्या भीतीने सगळं पॉलिथिनच्या पिशव्यांत कोंबतो, आणि रवांडात २००८ पासून त्यांना बंदी आहे. सीमेवर झडती झाली तर कपडे रस्त्यावर आणि पिशव्या जप्त. कापडी-रेक्झिनच्या पिशव्या वापरा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी देशभर सामूहिक श्रमदान असतं, त्या वेळी रस्त्यावर फिरू नका.

किगालीहून रुसुमोच्या पुलावरून टांझानिया, आणि परत डावी बाजू. इथून सिंगिडापर्यंतचा पट्टा लांब आणि कंटाळवाणा आहे, वाऱ्याचाही. सिंगिडाहून दोन वाटा फुटतात. पैसे किंवा दम संपला असेल तर बाबातीवरून थेट अरुशा. नसेल तर दोडोमा, इरिंगा आणि तिथून किटोंगाच्या घाटाने खाली मिकुमी. हा घाट ट्रकांनी भरलेला असतो, उतारावर दुसरा गियर ठेवा, ड्रम ब्रेक तापले की धरत नाहीत. मिकुमी राष्ट्रीय उद्यानातून हमरस्ता जवळजवळ ५० किलोमीटर जातो. एरवी बहुतेक उद्यानांत मोटारसायकलला प्रवेश नसतो, इथे मात्र हमरस्त्यावरून जाता येतं, आणि दोन्ही बाजूंना झेब्रे, जिराफ, कधी हत्ती. फोटोसाठी थांबायचं नाही. हत्ती रस्त्यावर असेल तर ट्रक पुढे जाऊ द्या आणि त्याच्या मागे राहा. दुपारी पार करा, सकाळ-संध्याकाळ जनावरं रस्त्याजवळ असतात. झाडीच्या भागात त्सेत्से माशी चावते. तिला निळा आणि काळा रंग खुणावतो, जॅकेट मातकट रंगाचं असलेलं बरं. आणि टांझानियात वस्ती आली की ५० च्या आत, पांढऱ्या गणवेशातले पोलीस स्पीडगन घेऊन उभेच असतात. दंड झाला तर पावती मागा.

मोरोगोरोहून उत्तरेला वळल्यावर मोंबोपासून लुशोटोचा फाटा घ्या, उसांबाराच्या डोंगरात दोन-चार दिवस सुखाचे जातात. मग मोशी, अरुशा, नमंगा, नैरोबी. सगळं मिळून चार हजार किलोमीटर, आडवाटा धरून पाच. दिवसाला २०० पुष्कळ झाले. पाच हजाराला सव्वाशे लिटरच्या आत पेट्रोल लागेल, दर आपल्याइतकाच, कुठे थोडा जास्त.

वाळवंटाची फारच हौस असेल तर नैरोबीहून इसिओलो, मार्साबिटपर्यंत आता डांबर आहे. पुढे तुर्काना सरोवराकडे, लोयंगलानीला एकट्याने ह्या गाडीवर जाऊ नका. तिथे ३६५ पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. लाव्हाच्या सुट्या गोट्यांवर आडवा वारा हलक्या गाडीला बाजूला ढकलत राहतो आणि दिवसभर गाडी तिरकी धरून खांदे भरून येतात.

शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा विकी (हिरवी पालेभाजी), घेवड्याची उसळ-भात, चपाती, टांझानियात अंड्यात घातलेले बटाटे. मोंबासा रस्त्यावर माकिंडूचा गुरुद्वारा आहे, तिथे वाटसरूला जेवण आणि रात्रीचा आसरा मिळतो. तुमच्या कड्याच्या बाहेर आहे, पण वेळ असेल तर वाकडी वाट करा आणि दानपेटीत काहीतरी टाका. छोट्या गावातलं साधं गेस्ट हाउस हजार रुपयांच्या आत मिळतं. गाडी अंगणात, शक्य तर खोलीत. हे गंभीरपणे घ्या: जिचे सुटे भाग सगळीकडे विकतात ती गाडी चोरालाही सगळीकडे विकता येते. साखळी फ्रेममधून घाला, चाकातून नव्हे. केनियात उतरताच पासपोर्टवर सिम आणि एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याची सोय, घ्या. पंपापासून फुंडीपर्यंत सगळे त्यावर पैसे घेतात आणि खिशात रोकड कमी राहते.

चार लाखांत सगळं बसतं, अट एकच, प्रवासविम्यात काटकसर करू नका. बऱ्याच पॉलिसींत मोटारसायकल वगळलेली असते किंवा ठरावीक सीसीपर्यंतच असते. तो मजकूर घेण्याआधी वाचा, आणि आड येत असेल तर सव्वाशे सीसीची एचएलएक्स घ्या, फार काही बिघडत नाही. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून चालणाऱ्या ॲम्रेफ संस्थेच्या फ्लाइंग डॉक्टरांचं, म्हणजे विमानातून रुग्ण हलवणाऱ्या सेवेचं, सभासदत्वही पर्यटकांना घेता येतं. चांगलं हेल्मेट इथूनच न्या.

परतल्यावर गाडी विकायला नैरोबीत आठवडाभर हाताशी ठेवा. बॉक्सरला गिऱ्हाईक दोन दिवसांत मिळतं, वेळ लागतो तो नावबदलाला. तो ऑनलाइन होतो, मालकाने सुरुवात करायची आणि घेणाऱ्याने मंजूर करायचं. गिऱ्हाईक म्हणेल, 'आज पैसे घ्या, नाव मी सावकाश बदलतो.' ऐकू नका. दोघं समोरासमोर बसून नाव बदललेलं स्क्रीनवर दिसेपर्यंत किल्ली तुमच्या खिशात. गाडी मित्राच्या नावावर असेल तर त्या दिवशी त्याला सुट्टी घ्यायला लावा, कारण पुढे त्या गाडीने काही केलं तर पोलीस त्याच्याच दारात येणार.